शनिवारी चार वाजता

गिरगावातल्या माणसाला फिरायला चौपाटी आहे, हे खरे. पण बँकेतून निवृत्त झाल्यापासून माझी पावले दुपारच्या चहानंतर वळतात ती खोताच्या वाडीकडे. मोठ्या रस्त्यावरचा गोंगाट मागे टाकून गल्लीत शिरले की दहा पावलांत आवाज बदलतो. लाकडी कठड्यांचे सज्जे, घराबाहेरून माडीवर जाणारे जिने, कुठे दारावर क्रूस तर कुठे कुंडीत तुळस, आणि कोपऱ्यावरून येणारा ताज्या तळलेल्या वेफर्सचा वास. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी आपल्या जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना दिले आणि ही वाडी वसत गेली, असे सांगतात. एके काळी येथे अशी पासष्ट घरे होती. आज त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत. उरलेल्या घरांवर आता उंच इमारतींची सावली पडते.

या उरलेल्या घरांपैकी एका घराच्या ओट्यावर गेली दोन वर्षे दर शनिवारी चार वाजता शाळा भरते. शाळा म्हणणे जरा जास्तच होईल. तिथे घंटा नाही, फळा नाही, हजेरीपट नाही. एक जुनी सतरंजी, अकरा-बारा मुले आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसलेली विशी-एकविशीची एक मुलगी. मुले जवळच्या महापालिका शाळेतली. कुणाची आई चार घरची धुणीभांडी करते, कुणाचे वडील रात्रपाळीचे पहारेकरी आहेत. घरमालकीण आँटी आत-बाहेर करत असतात. मुलांच्या चपला सरळ रेषेत लावल्या नाहीत तर ओरडतात आणि साडेपाचला सगळ्यांना सरबत देतात.

एका शनिवारी मी जरा लवकर निघालो होतो. साडेतीनच्या सुमारास पाहतो, तर ओट्याच्या पायरीवर दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा दप्तर मांडीवर घेऊन एकटाच बसलेला. मी विचारले, "अरे, चारला ना तुमची शाळा?"

"हो."

"मग आत्तापासून काय बसलास?"

तो म्हणाला, "ताई लवकर आली तर?"

वाचकहो, पस्तीस वर्षे मी बँकेत नोकरी केली. पुढे काही कादंबऱ्या लिहिल्या. या काळात माझी वाट पाहणारे पुष्कळ होते. कुणाला कर्ज हवे होते, कुणाला मजकूर. पण माझी अशी वाट पाहणारा आयुष्यात एकच भेटला, आणि त्याच्याशी मी नीट वागलो नाही. ती गोष्ट पुढे सांगणारच आहे. आधी या ताईची सांगतो.

ती आमच्याच चाळीतली. समोरच्या बिऱ्हाडातली. तिचे नाव सांगत नाही, कारण आपले नाव छापून यावे असे तिला वाटत नाही. बारावी चांगल्या गुणांनी झाली, मग सगळे जातात म्हणून वाणिज्य शाखा, सगळे बसतात म्हणून सी. ए.ची पहिली परीक्षा. ती दोनदा हुकली. तेव्हापासून मुलगी बोलेनाशी झाली. कॉलेजातून यायची, मोबाइल घेऊन भिंतीकडे तोंड करून पडायची. एका संध्याकाळी तिची आई तिला माझ्याकडे घेऊन आली. "काका, तुम्ही बँकेत होता. हिला चार शब्द सांगा. हिच्या आयुष्याला काही दिशाच नाही हो!"

मी चार शब्द सांगितले. बँकेच्या परीक्षा, अभ्यासाचे वेळापत्रक, पहाटे उठण्याचे फायदे. तिने निमूटपणे ऐकले. उठताना एवढेच विचारले, "काका, तुम्हाला बँकेतच जायचं होतं का?"

मला उत्तर देता आले नाही. १९८१ साली बँकेत लागणे ही भाग्याची गोष्ट होती. जायचे होते का, हे विचारण्याची रीत नव्हती. आमच्या पिढीला दिशा सापडली असे आम्ही म्हणतो. खरे पाहता आम्हाला नोकरी सापडली होती. दिशेचा प्रश्न आम्ही साठीनंतरसाठी राखून ठेवला.

तिला मुलांपर्यंत नेले ते माझ्या उपदेशाने नव्हे, तर दहा गुणांनी. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे एन.एस.एस., आपल्याकडे गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी सुरू झाली. तेव्हा ३७ विद्यापीठांतले ४० हजार विद्यार्थी तिच्यात होते. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास समाजसेवा करायची असा नियम. मुंबई विद्यापीठात त्याबद्दल दहा वाढीव गुण मिळत आले आहेत. मीही कॉलेजात असताना हे तास भरले होते. एका टेकडीवर आम्ही झाडे लावली. पुढच्या वर्षीच्या मुलांनी त्याच खड्ड्यांत पुन्हा लावली, कारण मधल्या वर्षात पाणी घालायला कुणी गेलेच नव्हते. खड्डे मात्र तयार मिळाले.

तेव्हा दहा गुणांसाठी तीही गेली. दोन मैत्रिणी बरोबर होत्या. पहिल्या दिवशी रंगीत तक्ते, गोष्टींची पुस्तके, चॉकलेटे असा सगळा सरंजाम होता. मुलांनी चॉकलेटे खाल्ली आणि तक्त्यांकडे पाहिलेही नाही. जाताना एका मुलाने, तो पुढे पायरीवर बसलेला दिसला तोच, तिला विचारले, "ताई, तू किती दिवस?"

तिला आधी प्रश्नच कळला नाही. मग दुसरीने खुलासा केला. आधी एक ताई होती, ती परीक्षेपर्यंत आली. तिच्याआधी एक दादा होता, तो फोटो काढून गेला. मुले हे तक्रार म्हणून सांगत नव्हती. बसचा नंबर विचारावा तितक्या सहजपणे त्यांना माहिती हवी होती, म्हणजे किती जीव लावायचा ते ठरवता येईल.

त्या रात्री ती आमच्या दारात आली आणि म्हणाली, "काका, मला फार वाईट वाटलं. मी पण मनात तासच मोजत होते."

मुलांना शिकवायला तरुणांनी ओटे चढावेत, ही गोष्ट या भागाला नवी नाही. १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधल्या विद्यार्थ्यांनी आणि तरुण शिक्षकांनी प्रोफेसर पॅटन यांच्या पुढाकाराने 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी' स्थापन केली. निबंध वाचावेत, चर्चा करावी, एवढाच आरंभीचा हेतू. पुढच्या वर्षी एका सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. चर्चा अशी तापली, की नुसते बोलून भागणार नाही, आपणच मुलींना शिकवले पाहिजे, असे या मंडळींनी ठरवले. १८४९ च्या ऑक्टोबरात शाळा सुरू झाल्या. ४४ पारशी मुली आणि २४ हिंदू मुली. शिकवणारे हेच तरुण. आपापली कामे आणि अभ्यास सांभाळून सकाळच्या वेळात, विनावेतन. नाना शंकरशेट यांनी तर मुलींच्या शाळेसाठी आपल्या गिरगावच्या वाड्याच्या आवारात जागा दिली. आज ज्या रस्त्याला त्यांचे नाव आहे तोच रस्ता ओलांडून आपण खोताच्या वाडीत शिरतो. पुण्यात भिडे वाड्यातली शाळा जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्येच सुरू केली होती. त्या वर्षी जोतिराव विशीत होते आणि सावित्रीबाई अठराच्याही आतल्या. आपण या माणसांचे पुतळे पाहतो ते प्रौढ वयाचे. म्हणून हे काम त्यांनी आजच्या कॉलेजातल्या मुलांच्या वयात केले, हे आपल्या ध्यानात राहत नाही.

मुंबईच्या त्या तरुणांत दादाभाई नौरोजी होते, वय चोवीस. मुली मिळवण्यासाठी ते घरोघर हिंडत, लोकांच्या ओट्यांवर बसून वडीलधाऱ्यांची मनधरणी करत. पुढे म्हातारपणी लिहिलेल्या आठवणींत त्यांनी सांगितले आहे, की मुलीला शिकवायला पाठवा असे म्हटल्याबद्दल काही संतापलेल्या बापांनी त्यांना पायऱ्यांवरून खाली ढकलून देण्याची धमकी दिली होती. त्याच आठवणींत त्यांनी या सगळ्यामागचे कारणही दिले आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. आपले स्वतःचे शिक्षण फुकट झाले, म्हणजे ते लोकांच्या पैशावर झाले, तेव्हा आपल्यात जे उत्तम असेल ते लोकांना परत केले पाहिजे, असा विचार त्यांच्या मनात हळूहळू रुजत गेला. परतफेडीचा विचार. बँकेतल्या माणसाला हा हिशेब चटकन कळतो.

त्या शाळांचे पुढे काय झाले? कामा घराण्यातल्या मंडळींनी पैसा उभा केला, पगारी शिक्षक आले, शाळा टिकल्या. म्हणजे पहिल्या उत्साहाला कुणीतरी नेमाची जोड दिली. हे झाले नसते, तर ४४ आणि २४ हे आकडे आज कुणाच्या लक्षातही राहिले नसते.

आता माझी गोष्ट सांगतो.

१९८२ साली मी क्लार्क होतो आणि परळच्या एका चाळीत राहत होतो. त्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. आमच्या मजल्यावरच्या एका गिरणी कामगाराचा मुलगा तेव्हा सातवीत होता. हुशार, पण इंग्रजी कच्चे. शिकवणी बंद झाली होती. मी त्याला म्हणालो, "रोज साडेसातला गॅलरीत ये, आपण एक-एक धडा वाचू." तो येऊ लागला. वर्षभर आला. मी बँकेतून उशिरा परतलो तरी पुस्तक घेऊन दिव्याखाली बसलेला असे. त्या वर्षात त्याच्या घरात काय चालले होते ते मला दिसत होते. घरातली भांडी विकली जात होती. पण साडेसात ते साडेआठ तो आणि मी धड्यातल्या गोष्टीत असायचो.

१९८३ मध्ये मला बढती मिळाली आणि विदर्भात बदली झाली. चार दिवसांत निघायचे होते. सगळ्यांचा निरोप घेतला. त्याचा घेतला नाही. सांगायला जड जात होते, आणि जे जड जाते ते टाळण्याची युक्ती मला तेव्हाही येत होती. मनाला समजावले, लहान आहे, विसरून जाईल.

सहा महिन्यांनी घरी आलो तेव्हा आईने सांगितले, "अरे, तो पोरगा कितीतरी दिवस साडेसातला पुस्तक घेऊन गॅलरीत बसायचा रे. मी सांगितलं, काका गेले. तरी बसायचा." तोवर ते कुटुंब कोकणात गावी निघून गेले होते. त्यानंतर तो मला कधी भेटला नाही. आज तो पंचावन्नच्या घरात असेल. त्याचे चांगले झाले असेल, अशी मी स्वतःची समजूत घालतो. पण त्या गॅलरीतल्या दिव्याखालचे ते रिकामे साडेसात माझ्या खात्यावर नावे पडलेले आहेत.

पुष्कळ वर्षांनी या विषयावरचे एक संशोधन माझ्या वाचनात आले आणि मी पुस्तक मिटून बसलो. अमेरिकेत मोठ्या वयाच्या स्वयंसेवकाची आणि एकेका मुलाची जोडी लावून देण्याची चळवळ १९०४ पासून चालत आली आहे. 'बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स' हे तिचे नाव. आपल्या भाषेत ताई-दादा. अशा अकराशेहून अधिक मुलांच्या माहितीचा अभ्यास करून जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोघींनी २००२ साली जे निष्कर्ष मांडले ते असे. ज्या जोड्या वर्षभर किंवा अधिक टिकल्या, त्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला. जितका काळ कमी, तितका फायदा कमी. आणि ज्या जोड्या तीन महिन्यांच्या आत तुटल्या, त्यांतल्या मुलांची स्वतःविषयीची किंमत पहिल्यापेक्षा खाली गेली. म्हणजे कुणीच आले नसते तर बरे झाले असते, अशी गत.

आपल्या मुंबईतलाच दुसरा दाखला घ्या. 'प्रथम' ही संस्था १९९०च्या दशकात युनिसेफ आणि मुंबई महापालिका यांच्या साथीने येथे उभी राहिली. तिने महापालिका शाळांत 'बालसखी' नेमल्या. वस्तीतल्याच, दहावी-बारावी झालेल्या तरुण मुली. तिसरी-चौथीत मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना बाजूला घेऊन रोज दोन तास वाचन आणि अंकगणित पक्के करून घ्यायचे, एवढेच त्यांचे काम. मानधन अगदी थोडे. २००१ ते २००३ या काळात मुंबईत आणि बडोद्यात या कामाची शास्त्रीय पाहणी झाली. ती करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्तेर दुफ्लो होते, ज्यांना पुढे २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. फायदा झाला, तो दुसऱ्या वर्षी पहिल्यापेक्षा वाढला, आणि सर्वांत कच्च्या मुलांना सर्वांत जास्त झाला. पण कार्यक्रम थांबल्यानंतर वर्षभराने पाहिले, तर त्यातला बराचसा ओसरला होता. या पाहणीतून दोन गोष्टी निघतात. शिकवायला फार मोठी पदवी लागत नाही. आणि मध्येच निघून जाण्याची किंमत मुले मोजतात.

आमच्या ताईला यातले काही ठाऊक नव्हते. तिने एवढेच केले, की पुढच्या शनिवारी चार वाजता ती पुन्हा गेली. तक्ते नेले नाहीत. मैत्रिणींचे तास एका महिन्यात भरले, त्या थांबल्या. तिचेही भरले; ती जात राहिली.

तो पायरीवरचा मुलगा पाचवीत होता आणि त्याला वजाबाकी येत नव्हती. २०० वजा ९० असे लिहून दिले की तो खाली २९० मांडायचा. शून्यातून नऊ जात नाहीत, म्हणून नवातून शून्य काढायचा आणि दोन खाली उतरवायचा. मी हे ऐकून हसलो. दिल्यापेक्षा परत जास्त देणारी अशी बँक असती तर तिच्या दारात रांग लागली असती! ती मात्र हसली नाही. तिला कळले होते, की त्याची आई ठाकूरद्वारच्या नाक्यावर गजरे विकते आणि संध्याकाळी हा तिच्याजवळ बसतो. तिने विचारले, "तीस रुपयांचे तीन गजरे घेतले आणि दोनशेची नोट दिली, तर परत किती?" त्याने वर न पाहता सांगितले, "एकशेदहा." मग तिने कागदावरचे २९० दाखवले आणि म्हणाली, "एवढे परत दिलेस तर आई काय करेल?" तो जो हसत सुटला तो थांबेना. त्या दिवशी अख्ख्या ओट्याने गजऱ्यांच्या हिशेबात वजाबाकी केली. दशक सुटा करणे म्हणजे दहाची नोट मोडून सुटे घेणे, हे बाराही मुलांना अर्ध्या तासात समजले.

रात्री ती आमच्याकडे हे सांगायला आली तेव्हा तिचा चेहरा मी दोन वर्षांत प्रथमच असा पाहिला. स्वतः दोनदा नापास झालेली मुलगी होती ती. एखाद्याला का येत नाही, हे शोधून काढण्याची तिची हातोटी तिच्या नापास होण्यातूनच आली होती, असे मला वाटते. पहिल्या झटक्यात सगळे येणाऱ्याला ते दिसले नसते.

सगळे असेच गोड झाले नाही. गणपतीच्या आधीच्या एका शनिवारी ती न सांगता गेली नाही. मैत्रिणीचा वाढदिवस होता. पुढच्या शनिवारी गेली, तर तो मुलगा आला नव्हता. त्याच्या पुढच्या शनिवारीही नाही. तिने मला विचारले, "काका, काय करू?" मी म्हणालो, "त्याच्या घरी जा." हे सांगताना माझ्या डोळ्यांसमोर परळची गॅलरी होती.

ती गेली. दादाभाईंना ओट्यावरून ढकलण्याची धमकी मिळाली होती. हिला त्या दहा बाय दहाच्या खोलीत चहा मिळाला. मुलगा कोपऱ्यात तोंड फिरवून बसला होता. आईनेच सांगितले, "तो म्हणतो, ताई गेली. आता नवी येईल." हिने त्याच्यासमोर बसून सांगितले, "माझी चूक झाली. पुन्हा यायचं नसेल तर आधी सांगेन. शप्पथ नाही घालत, पण सांगेन." लहान मुलाची माफी मागायची आपल्याकडे रीत नाही. त्या मुलाला बहुधा कुणी पहिल्यांदाच मागितली होती. पुढच्या शनिवारी तो साडेतीनला पायरीवर हजर होता.

अशा कामातून सगळे आयुष्यच घडल्याचे उदाहरणही दूरचे नाही. १९८९ साली झेवियर्समध्ये शिकणारी, अठरा वर्षांची शाहीन मिस्त्री कफ परेडच्या आंबेडकर नगर झोपडपट्टीत शिरली आणि एका खोलीत मुलांना शिकवू लागली. बरी जागा मिळावी म्हणून तिने वीसएक शाळांचे दरवाजे ठोठावले. वर्ग संध्याकाळी रिकामे असत, तरी नकारच मिळत गेले. अखेर कुलाब्याच्या होली नेम शाळेने एक वर्ग दिला. १९९१ साली तिथे पंधरा मुले आणि कॉलेजातले स्वयंसेवक यांच्यासह 'आकांक्षा' सुरू झाली. तिच्यातून पुढे महापालिकांच्या भागीदारीत शाळा चालू झाल्या. २००९ साली 'टीच फॉर इंडिया'ची पहिली तुकडी वर्गात गेली. तिथे दोन वर्षे पूर्ण वेळ शिकवण्याची अट आहे. एक-दोन महिने नव्हे, दोन वर्षे. हा आकडा उगाच ठरलेला नाही.

पण प्रत्येकीने संस्था काढावी असे नाही, आणि तशी अपेक्षा ठेवली तर बिचारी पोरे पहिल्याच पायरीवर घाबरतील. मला या लेखातून सांगायचे आहे ते त्याहून लहान आहे. 'मला माझा उद्देश सापडत नाही' असे म्हणणारी मुले आज घरोघरी आहेत, आणि त्यांचे आईबाप माझ्यासारख्या निवृत्तांकडे चार शब्दांसाठी येतात. उद्देश आधी सापडतो आणि मग माणूस कामाला लागतो, अशी आपली समजूत आहे. मी पाहिले ते उलटे. आधी एक वेळ ठरली, त्या वेळेला कुणीतरी वाट पाहू लागले, आणि त्याच्या मागून उद्देश आला. बँकेतली आवर्ती ठेव असते ना, तसे हे आहे. हप्ता लहान, पण चुकवायचा नाही. एकदाच मोठी रक्कम भरून नाव लावून घेणाऱ्यांचे हे खाते नव्हे.

म्हणून पालकांना एक विनंती. मुलगी आठवड्यातून दीड तास मुलांना शिकवायला जाते म्हटल्यावर "त्यातून तुला काय मिळणार?" हा प्रश्न वर्षभर विचारू नका. कॉलेजांना विनंती, की तास मोजण्याऐवजी महिने मोजा. एका दिवसात दहा तास भरणाऱ्यापेक्षा दहा आठवडे एकेक तास जाणारा मुलांच्या अधिक उपयोगी पडतो. आणि जाणाऱ्या मुलामुलींना सांगणे, की थोडेच कबूल करा. जागा उघडी असावी, घरच्यांना आणि मुलांच्या पालकांना माहीत असावी, जवळ एखादे मोठे माणूस असावे. आमच्या ओट्यावर आँटी असतात, त्या या कामी कुणाही सुपरवायझरपेक्षा कडक आहेत. आणि थांबायची वेळ आली तर सांगून थांबा. मुले निरोप समजू शकतात. निरोपच न मिळणे त्यांना समजत नाही.

गेल्या वर्षी तिची पदवीची शेवटची परीक्षा आली. तीन आठवडे आधी तिने कॅलेंडर ओट्याच्या भिंतीला टांगले, चार शनिवारांवर लाल फुली केली आणि पाचव्यावर गोल. मुलांना म्हणाली, "या चार दिवशी मी नाही. या दिवशी येणार." मग माझ्याकडे आली. "काका, तेवढे चार शनिवार तुम्ही बसाल?"

मी नाही म्हणालो. गुडघे दुखतात, आवाज पोहोचत नाही, आजच्या मुलांचे पुस्तक मला कळत नाही, अशी सगळी कारणे दिली. खरे कारण तिला सांगितले नव्हते, ते त्या रात्री सांगितले. साडेसातचा दिवा, गॅलरी, सगळे. तिने ऐकून घेतले. म्हणाली, "मग तर तुम्हीच बसा."

बसलो. पहिल्या शनिवारी मुलांनी मला नीट पारखून घेतले. गजरेवाल्याने विचारले, "आजोबा, तुम्ही किती दिवस?" मी कॅलेंडरकडे बोट दाखवून म्हणालो, "चार शनिवार. मग ताई येईल." त्याने चारही फुल्या मोजल्या आणि वही उघडली. पाचव्या शनिवारी ती आली तेव्हा मुलांनी तिला गराडा घातला आणि मी सतरंजीच्या कडेला सरकून बसलो. उठून मात्र गेलो नाही.

आता ती एका कार्यालयात हिशेबाचे काम शिकते. मुलाखतीतच शनिवारी दुपारनंतरची सुट्टी मागून घेतली. पगार थोडा कमी ठरला. पुढे शिक्षिका होणार का, पुन्हा सी. ए.ला बसणार का, हे तिचे ठरलेले नाही. तिच्या आईने परवा पुन्हा तिच्यासमोरच विचारले, "काका, हिला दिशा सापडली का हो?" मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "आई, दिशेचं माहीत नाही. पण आठवड्यात एक जागा अशी आहे, की मी गेले नाही तर तिथे अडतं."

आज शनिवार. हे लिहिता लिहिता साडेतीन वाजून गेले. ताईला आज कार्यालयात उशीर होणार आहे. तसा तिचा निरोप आला आहे आणि मुलांनाही तिने मागच्या शनिवारीच सांगून ठेवले आहे. पायरीवर एक जण येऊन बसला असेल. मला निघायला हवे.